जिनगीचा तक्ता

मी गेटवरचा माणूस. चितेगावला एका कंपनीत एकवीस वर्षं सिक्युरिटीत आहे, त्यातली नऊ वर्षं सुपरवायझर. आत येणाऱ्या गाडीची नोंद आवक रजिस्टरला, बाहेर जाणारीची जावकला, आणि सुटीचा भोंगा झाला की कामगारांच्या पिशव्यांची झडती. पिशवी उघड म्हटलं की साधा माणूस चिडतो आणि चोर हसतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हापासून हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

सेलूकर सर सारखे हसायचे.

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं मंदिर आहे. त्याच्या सभामंडपात सरांनी दर रविवारी सकाळी नववी-दहावीच्या पोरांसाठी वर्ग काढला. बाहेर खडूनं लिहिलेला फळा टांगला होता: मधुसूदन सेलूकर, बँकेतून निवृत्त, राहणार उस्मानपुरा. विषय, आपल्या पैशाचा हिशेब आपण. फी नाही. मला सगळ्यात आधी ती फीच खटकली. निवृत्त माणूस उस्मानपुऱ्याहून रिक्षाला पैसे घालून येतो, खडू स्वतःचे आणतो आणि फुकट शिकवतो, म्हणजे तो घेऊन काय जातो? रिकामी गाडी आत आली आणि रिकामीच बाहेर गेली, असं मी एकवीस वर्षांत पाहिलेलं नाही.

पण माझी पोरगी शिवकन्या दहावीला, गणितात कच्ची. तिची आई म्हणाली, जाऊ द्या, फुकट तर आहे. मी जाऊ दिलं.

तिसऱ्या रविवारी जेवताना शिवकन्येनं विचारलं, "पप्पा, जिनगीत काय काय धरायचं असतं?"

मी घास तोंडातच धरला. जिनगी हा शब्द माझ्या घरात माझ्या बापानंतर कुणी काढला नव्हता. आमचे बाबा, सांडूबा, बांधावर उभं राहून हात फिरवायचे आणि म्हणायचे, ही माझी जिनगी. आयुष्यालाही ते जिनगीच म्हणायचे आणि साडेतीन एकर रानालाही जिनगीच. दोन्हींत त्यांना फरक वाटायचा नाही.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"सरांनी. ते आधी निव्वळ मालमत्ता म्हणत होते. कुणालाच कळलं नाही. मग फकिरामामाचा सोपान म्हणाला, म्हणजे जिनगी का सर? सर म्हणाले, व्हय, तेच. आहे ते एका बाजूला, देणं दुसऱ्या बाजूला. वजा करायचं. राहील ती जिनगी." ती हसायला लागली. "सोपाननं काय लिहिलं माहितीय? माझी जिनगी बरी चालली आहे, फक्त वडील मारतात."

तिची आईही हसली. मी नाही हसलो.

"पप्पा, घर धरायचं का? आणि ते जमिनीचे पैसे यायचेत ना, ते धरायचे का?"

"तुला काय करायचं त्याच्याशी? जेव गुमान."

आता ही जमिनीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आमचं रान चितेगावच्या शिवारात होतं. सहा वर्षांपूर्वी ते औद्योगिक वसाहतीत गेलं आणि सरकारनं मावेजा दिला, म्हणजे जमिनीची भरपाई. ऐंशी लाख. सातबाऱ्यावर बाबांच्या मागं दोन नावं लागली होती, माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, सरूबाईचं. तिला मी अक्का म्हणतो. रक्कम माझ्या एकट्याच्या खात्यात जमा व्हायला अक्काचं संमतीपत्र लागत होतं. ती आली, "कुठं करू?" एवढंच विचारलं आणि सही करून मोकळी झाली. चौथी शिकलेली बाई, चार अक्षरांना चार मिनिटं लावली. आशानं, माझ्या बायकोनं, तिथंच तिची ओटी भरली आणि गुलमंडीवरून आणलेली साडी दिली. आमच्याकडं अशीच रीत आहे. बहिणीनं सही द्यायची आणि भावानं साडी. शिवकन्या तेव्हा नऊ वर्षांची होती, नवा फ्रॉक घालून आत्याच्या मांडीवर बसली होती.

त्या पैशातून पुंडलिकनगरचं घर झालं, गाडी झाली, थोरल्या पोराचं पुण्याचं कॉलेज झालं. अक्काचे यजमान पुढच्या वर्षी वारले. ती उस्मानपुऱ्यात दोन भाड्याच्या खोल्यांत राहते आणि डबे करून देते. दिवाळी आणि राखी सोडता आमचं जाणं-येणं कमी झालं. दोष माझा होता. तिच्या खोलीत गेलं की मला बसवत नसे.

आणि आता कोर्टानं मावेजा वाढवून दिला होता. अठरा लाख. पुन्हा अक्काची सही लागणार होती. सोमवारी सकाळी अकराला वकिलाकडं यायचं तिनं कबूल केलं होतं. साडी आणून कपाटात ठेवलेली होती. थोरल्याचं शेवटचं वर्ष, वर गच्चीवर दोन खोल्या काढायच्या, सगळं मनात मांडून झालं होतं. फक्त ती एक सही हवी होती. आणि नेमक्या त्याच दिवसांत उस्मानपुऱ्याचा एक हसरा माणूस माझ्या पोरीला जिनगी विचारत होता.

पुढच्या रविवारी मी कामावरून परस्पर मंदिराकडं गेलो. चपला काढायच्या जागी भिंतीआड उभा राहिलो. गेटवर उभं राहायची सवय, पाय दुखत नाहीत.

सर पोरांना म्हणत होते, "महिन्यात हातात आलं किती आणि हातातून गेलं किती, ही झाली आवक-जावक. ती रोज लिहायची. जिनगी वर्षातून एकदा मांडली तरी चालते. पण मांडताना देणं लपवायचं नाही. देणं म्हणजे नुसती उसनवारी नव्हे. आज ना उद्या जे कुणाला तरी द्यायचंच आहे, ते सगळं देणं. घरात ज्याबद्दल कुणी बोलत नाही, तेसुद्धा."

हे वाक्य पोरांसाठी नव्हतं, अशी माझी खात्री पटली. शिवकन्या मान खाली घालून भराभर लिहीत होती.

वर्ग सुटला. पोरं गेली तसा मी पुढं झालो. "मी शिवकन्येचा बाप."

"अरे वा, या या," सर हसून म्हणाले. "फार सरळ मुलगी आहे. मनात येईल ते लिहिते."

"तेच विचारायचं होतं. पोरांकडून घराघरातलं लिहून घेऊन तुम्ही करता काय?"

"घरातलं नाही हो—"

"आणि फी घेत नाही. मग तुम्हाला मिळतं काय यातून?"

सरांनी हातावरचा खडू झटकला. "रविवार जातो," ते म्हणाले. "मंडळी गेल्यापासून रविवार लई मोठा वाटायला लागला."

उत्तर माझ्या मनाला पटलं नाही. इतकं छोटं उत्तर देणारे लोक काहीतरी झाकत असतात. मी बोलत बोलत नजरेनं त्यांची पिशवी तपासली. तिच्यातून त्यांनी डबा काढून कट्ट्यावर ठेवला, आणि झाकणाकडं बघून मी बोलायचाच थांबलो. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं: सांडू बाबूराव यांजकडून चि. सरूस. अक्काच्या लग्नात बाबांनी भांड्यांवर नावं टाकून घेतली होती. तेव्हा मी ठोकणाऱ्या माणसाशेजारी दिवसभर बसलो होतो.

"डबा कुठला?"

"उस्मानपुऱ्यात एक बाई देतात. हाताला चव आहे त्यांच्या. अक्का म्हणतात सगळे."

"बोलतात का तुमच्याशी?"

"भाजी कशी झाली विचारतात," सर म्हणाले आणि पुन्हा हसले.

घरी येईपर्यंत मी सगळं जुळवून टाकलं होतं. अक्का सरांना डबा देते. सर अक्काला कायदा सांगतात. मग सर आमच्याच गल्लीत वर्ग काढतात, तोही फुकट, आणि माझ्या पोरीकडून घराचा हिशेब काढून घेतात. सोमवारी अक्का वकिलासमोर तो कागद टाकणार आणि म्हणणार, ऐंशीतले चाळीस आण आधी. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पिशव्या बघत होतो आणि चोरवाट माझ्या घरातून निघाली होती.

आणि तरी शंका राहिली असती, पण बुधवारी संध्याकाळी मी जिना चढत असताना शिवकन्येचा आवाज आला. ती आईच्या फोनवरून बोलत होती.

"आत्या, तू पप्पांना सही दिली तेव्हा तुला किती मिळालं? ... नाय, खरंच सांग. मला लिहायचंय. ... तेवढंच? ... बरं, तेवढं धरते."

मी तिच्या हातातून फोन ओढून घेतला आणि बंद केला. "कुणाच्या सांगण्यावरून विचारलंस?"

"कुणाच्याच नाय. तक्त्यात किंमत लागती—"

"रविवारी वर्गाला जायचं नाही."

"पप्पा, सर म्हणतात आपापलं—"

"सर गेले खड्ड्यात! जायचं नाही म्हटलं ना."

मी कधी तिच्यावर एवढा ओरडलो नव्हतो. ती रडलीही नाही. दफ्तर उचललं आणि आतल्या खोलीत गेली. आशा स्वयंपाकघरातून आली. "आता पोरीवर बी संशय घेता व्हय?"

"तुला नाय कळत. तुझ्या नणंदेनं डाव टाकलाय."

"अक्कानं?" आशा माझ्याकडं बघतच राहिली. "त्यांना डाव टाकायचा असता तर इतकी वर्षं वांगी चिरत बसल्या असत्या का?"

मी तिचा फोन तिच्या हातात दिला. पण ते वाक्य मला झोंबलं, हे खरं.

शिवकन्येनं गुरुवार, शुक्रवार, शनिवार माझ्याशी बोलणं टाकलं. पाणी दे म्हटलं तर द्यायची, पेला ठेवायची आणि निघून जायची. रविवारी सकाळी ती आईबरोबर बाजारात गेली. घरात मी एकटा, आणि खुंटीला तिचं दफ्तर. उद्या सोमवार होता. तो कागद अक्काच्या हातात पडायच्या आत मला बघायचा होता.

मी दफ्तर काढलं आणि गेटवर काढतो तसं एकेक बाहेर ठेवत गेलो. वह्या, कंपास, चिंचेच्या गोळ्या, तुटकं हेअरबँड. तळाशी आखीव ताव होता, चार घड्या घातलेला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: माझी जिनगी. खाली कंसात, सरांनी सांगितल्याप्रमाणे फक्त स्वतःचं लिहिणे, आई-वडिलांचं लिहू नये.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग खाली गेलो.

डाव्या बाजूला, आहे: सायकल (जुनी) अठराशे. कानातले, आजीचे, किंमत आईला विचारून दोन हजार. डब्यात साठवलेले तीनशे दहा. पुस्तकं, रद्दीच्या भावानं, नव्वद. घर, आणि ते खोडलेलं. शेजारी बारीक अक्षरात कारण दिलं होतं: घर दादाचं होणार. एकूण चार हजार दोनशे.

उजव्या बाजूला, देणं: मीनाक्षीचे चाळीस रुपये, झेरॉक्सचे. आणि त्याच्या खाली:

दादाला एक सही, मोठी झाल्यावर. किंमत आत्याला विचारली. ती म्हणाली साडीची धर, सातशे.

एकूण देणं सातशे चाळीस. वजा जाता माझी जिनगी तीन हजार चारशे साठ.

त्या सहीच्या ओळीखाली सरांनी गेल्या रविवारीच, किंमत कोरी असताना, लाल पेनानं रेघ मारून लिहिलं होतं: ही कसली सही? किंमत किती? मला समजली नाही. रविवारी सांग.

मी दफ्तराशेजारी जमिनीवर बसलो. गेटवर मी बेरजा-वजाबाक्या तपासतो, म्हणून सवयीनं हीसुद्धा तपासली. वजाबाकी बरोबर होती. गणितात कच्ची म्हणतात तिला. कुठंही रडगाणं नव्हतं, तक्रार नव्हती. चाळीस रुपये मैत्रिणीला द्यायचे तशी एक सही भावाला द्यायची, एवढं साधं तिनं ते मांडलं होतं. नऊ वर्षांची असताना नवा फ्रॉक घालून ती जे बघून आली, ते ती शिकली होती. ते सेलूकर सरांनी शिकवलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बाजारातून त्या दोघी आल्या तेव्हा सगळं तसंच पसरलेलं होतं. शिवकन्या दारातच थांबली. "माझं दफ्तर तपासलं?"

"व्हय," मी म्हणालो. "चूक झाली." मग तिच्यापुढं ताव धरला. "ही सहीची ओळ खोड."

"का? आत्यानं नाय का दिली?"

"दिली. मी ती घ्यायला नको होती. तू कुणाला सही देणं लागत नाहीस. आणि घराची ओळ का खोडली? त्यात तुझाही हिस्सा आहे."

ती खाली बसली, कंपासमधून खोडरबर काढलं आणि ती ओळ घासून घासून पुसली. सरांची लाल रेघ काही पुसली गेली नाही. तिनं बेरीज पुन्हा केली. "घराचं सर म्हणतात हातात नाय ते धरू नये. पण सही गेली ना, म्हणजे माझी जिनगी सातशेनं वाढली," ती म्हणाली. आशानं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

"वर्ग दहाला सुरू होतो," मी म्हणालो. "अजून पोचशील."

सोमवारी मी कपाटातली साडी बरोबर घेतली नाही. रविवारी दुपारीच वकिलांना फोन करून कागद बदलून घेतला होता. अठरा लाख, दोन खाती, निम्मे-निम्मे. आधीच्या ऐंशीचं काय करायचं ते मला तेव्हाही कळत नव्हतं, पण ही सुरुवात करायची असं ठरवलं. वाटेत मला बरं वाटत होतं. अक्का काय म्हणेल, डोळ्यांत पाणी येईल, पाठीवर हात ठेवेल, असं मी मनात रंगवत होतो.

अक्का आधीच येऊन बाकावर बसली होती. हाताला हळदीचे डाग, कारण सकाळचे डबे पोचवून आली होती. मला बघून म्हणाली, "कुठं करू?"

"अक्का, थांब," मी म्हणालो. "कागद बदललाय. निम्मे तुझ्या खात्यात येतील. नऊ लाख."

ती हसली नाही, रडलीही नाही. तिनं उचललेला पेन हळूच टेबलावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. अशी नजर मी कामावर रोज लोकांकडं टाकतो, पण माझ्यावर कुणी टाकली नव्हती.

"का?" ती म्हणाली.

"तुझा हिस्सा आहे."

"तो तवा बी व्हता. आज का?" ती वकिलांकडं वळली. "साहेब, माझ्या नावावर काही कर्ज-बिर्ज तर नाय ना काढलं यानं? जामीनकीला तर नाय घालत मला?"

"नाही हो बाई," वकील म्हणाले.

"मंग काय अडकलंय तुझं? खरं सांग भाऊ. आजार निघाला का काही? पोराला नोकरीला लावायचंय का कुठं?"

"काही नाही अक्का. देवाशप्पथ."

"शप्पथ तवा बी घेतली व्हती," ती म्हणाली. "म्हणला व्हता, अक्का, तुला कधी काही कमी पडू देणार नाय."

तिनं पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि कागद पुढं ओढला. सहा वर्षांपूर्वी तिनं एक अक्षर वाचलं नव्हतं. आज पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती एकेक अक्षर जुळवायला लागली. अडलं की वकिलांना विचारायची, ते सांगायचे, आणि मग तेच शब्द ती माझ्याकडं न बघता पुन्हा वाचायची. एकूण दोन पानं होती.

वकिलांनी मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो, दोन्ही हात पुढं घेऊन, आमच्या गेटवर पिशवी उघडून दिल्यावर माणसं उभी राहतात तसा. पहिलं पान व्हायलाच अर्धा तास लागला. मग तिनं पान उलटलं आणि दुसऱ्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.